पान बदललं, पट्टी तशीच!

ऑनलाइन फॉर्म भरून बटण दाबलं की समोर नवं पान येतं, पण कधीकधी वरच्या पट्टीत पत्ता मात्र जुनाच दिसतो. हे कसं?

सन मायक्रोसिस्टिम्सने 1999 मध्ये आणलेल्या ‘जेएसपी’ या तंत्रात त्याचं सरळ उत्तर मिळतं. जेएसपीचं पान सर्व्हरवर शिजतं, ब्राउझरकडे जातं ते तयार एचटीएमएल. नेहमीच्या कामांसाठी त्यात काही आयते टॅग आहेत. त्यातला एक ‘फॉरवर्ड’. कचेरीतल्या कारकुनाने आपला अर्ज आतल्या आत दुसऱ्या टेबलावर सरकवावा आणि आपण खिडकीशीच उभं असावं, तसा हा प्रकार. ब्राउझरला बदलीची खबरच नसते, मग पट्टी बदलणार कशी? अट एवढीच की, पानाचा काही भाग आधीच ब्राउझरकडे रवाना झालेला नसावा.

‘इन्क्लूड’ हा दुसरा टॅग वेगळ्या पानाचा मजकूर आणून मधेच बसवतो आणि मूळ पान पुढे चालू राहतं.

मला खरा हुशार वाटतो तो ‘यूजबीन’. माहिती ठेवणारी वस्तू आधीच आहे का, हे तो पाहतो. नसेल तरच नवी घडवतो. दुकानाच्या साइटवरची टोपली पानोपानी तीच राहते ती अशी. जोडीच्या ‘सेटप्रॉपर्टी’ला नावाऐवजी नुसती चांदणी (*) दिली, की फॉर्ममधल्या नोंदी नावं जुळवून आपोआप भरल्या जातात. गंमत म्हणजे रकाना कोरा पाठवला तर जुनी नोंद पुसली जात नाही. टोपलीतली ‘भेटीचा संदेश’ ही ओळ तुम्ही खोडलीत, तरी जुनाच संदेश छापून येऊ शकतो!