उन्हाळ्यांतील अंगणाची शोभा : चिनी गुलाब

ज्या गांवीं वैशाखांत हंडाभर पाण्यासाठीं घरांतील स्त्रियांस पायपीट करावी लागते, तेथें फुलबागेची गोष्ट काढणें कित्येक वाचकांस अप्रस्तुत वाटेल. त्यांचा आक्षेप आम्हांस मान्य आहे. पिण्याचें पाणी फुलझाडांस घालावें असें आम्ही कधींच म्हणणार नाहीं. परंतु घरापुढील जी जागा दिवसभर तापते व जेथें दुसरें कांहीं टिकत नाहीं, ती अगदीं थोड्या पाण्यावर फुलविणारें एक झाड आहे. त्याची माहिती शेतकरी बंधूंस असावी, एवढ्याकरितां हा लेख.

हें झाड म्हणजे चिनी गुलाब. फुलें कचेरीच्या वेळेस उमलत असल्यामुळें शहरांत ह्यास 'ऑफिस टाइम' असेंही म्हणतात. नांवांत चीन व गुलाब असले तरी दोहोंशीं त्याचा संबंध नाहीं. त्याचें मूळ स्थान दक्षिण अमेरिका. विल्यम हुकर ह्या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञानें १८२९ सालीं त्यास पोर्टुलाका ग्रँडिफ्लोरा हें शास्त्रीय नांव दिलें. त्याचें खरें नातें आपल्या घोळीशीं आहे. घोळीचें पान चपटें व फूल लहान, पिवळें. चिनी गुलाबाचें पान जाड सुईसारखें व रसाळ, आणि फूल मोठें, तांबडें, गुलाबी, पिवळें वा पांढरें असतें.

निंदून बांधावर टाकलेली घोळ लवकर वाळत नाहीं, उलट ओल मिळतांच मूळ धरते, हा अनुभव प्रत्येक शेतकऱ्यास आहे. हाच चिवटपणा चिनी गुलाबांत आहे. त्याचीं कारणें दोन. पहिलें, पानांत व खोडांत पाण्याचा सांठा असतो. दुसरें, ज्वारी व मका ज्या काटकसरीच्या पद्धतीनें कडक उन्हांत अन्न तयार करतात, ती पद्धत ह्यास साधली आहे. शिवाय पाण्याचा ताण पडला कीं निवडुंगाची पद्धतही तें कांहीं अंशीं वापरूं शकतें. एकाच वनस्पतींत ह्या दोन्ही पद्धती आढळणें दुर्मिळ होय.

लागवड : थंडी सरल्यावर, फाल्गुनाच्या सुमारास बीं पेरावें. हलकी, मुरमाड जमीन चालते. मात्र पाणी सांचतां कामा नये. काळ्या जमिनींत वाळू वा बारीक मुरूम मिसळून वाफा वीतभर उंच करावा. शेणखत फार घालूं नये. त्यानें पाला माजतो व फुलें कमी येतात. बीं अतिशय बारीक असल्यामुळें कोरड्या वाळूंत मिसळून विखरावें व तळहातानें दाबावें. उगवणीस उजेड लागतो, म्हणून वर माती लोटूं नये. उगवेपर्यंत, म्हणजे एक ते दोन आठवडे, झारीनें हलकें पाणी शिंपडावें. पुढें दोन रोपांत वीतभर अंतर राहील अशी विरळणी करून शेंडे खुडावे, म्हणजे फांद्या जमिनीवर पसरतात. सुमारें दोन महिन्यांत फुलें येऊं लागतात.

पाणी व निगा : येथेंच पुष्कळांची चूक होते. रोज पाणी घातल्यानें मुळें कुजतात. माती वरून दोन बोटें कोरडी झाल्यावरच पाणी द्यावें. भाजी व तांदूळ धुतलेलें पाणी एका लहान वाफ्यास पुरतें. सावलींत फुलें नीट उमलत नाहींत. दिवसांतून निदान ६ तास ऊन हवें. पावसाच्या झडींत झाडें सडतात, म्हणून कांहीं फांद्या कुंडींत लावून वळचणीखालीं ठेवाव्या. चार बोटें लांबीची फांदी ओल्या वाळूंत खोचली कीं मूळ धरते. दुहेरी पाकळ्यांच्या जातींचें बीं खात्रीचें नसतें. त्यांची वाढ फांदीनेंच करावी.

एक फूल एकच दिवस टिकतें, परंतु दुसऱ्या सकाळीं नवीं फुलें तयार असतात. बोंड पिकलें कीं त्याचें टोपण सुटून बीं सांडतें. त्यापूर्वींच बोंडें खुडून कागदाच्या पुडींत ठेवावीं. म्हणजे पुढील वर्षीं बियांस पैसा पडत नाहीं.

वाचकांनीं प्रथम दोन हात लांबीचा एकच वाफा करून पाहावा. त्यास पाणी किती लागलें, हें पाणी वाहून आणणारांसच विचारावें. त्यांचा अभिप्राय अनुकूल पडला तरच वाफा वाढवावा.