सांध्यातील इंजेक्शननंतर घोडा मोकळा सोडावा की बांधून ठेवावा?

घोडा लंगडायचा थांबला की मालकाचा जीव भांड्यात पडतो. सांध्यात इंजेक्शन दिलेल्या घोड्याच्या बाबतीत मात्र खऱ्या काळजीचे दिवस तेथूनच सुरू होतात. महालक्ष्मी आणि पुण्याच्या मैदानांवर धावणारे शर्यतीचे घोडे असोत, माथेरानच्या चढउतारावर पर्यटक वाहणारे असोत वा वरातीत मिरवणारे असोत, पायाच्या सांध्यांची झीज कोणालाच चुकलेली नाही. मागच्या पायाचा मधला सांधा, म्हणजे हॉक, तसेच घोट्याचा आणि खुराच्या आतील सांधा हे त्यातले नेहमीचे दुखरे भाग. औषधाने दाह ओसरतो, घोडा पाय मोकळा टाकू लागतो, आणि मालकाला वाटते की काम झाले.

या इंजेक्शनात सहसा ट्रायमसिनोलोन किंवा मिथाइलप्रेडनिसोलोन यांसारखे स्टेरॉइड असते. पुष्कळदा त्याच्या जोडीला हायलुरोनिक आम्ल दिले जाते. हे आम्ल सांध्यातील वंगणासारख्या द्रवाचा मूळचाच घटक आहे. स्टेरॉइडमुळे सूज आणि वेदना कमी होतात. झिजलेली कूर्चा मात्र पुन्हा उगवत नाही. वेदना ही जनावराला पाय जपायला लावणारी राखणदार असते. ती गेली आणि झीज तशीच राहिली, तर घोडा नको तेवढा जोर त्याच पायावर देतो. म्हणून पुढील आठ-दहा दिवस त्याला किती आणि कसे हलू द्यायचे, हा उपचाराचाच भाग समजला जातो.

नेमके किती दिवस विश्रांती द्यावी, याबाबत पशुवैद्यांत पूर्ण एकमत नाही. सर्वसाधारण पद्धत अशी, की पहिला दिवस घोडा पागेतच ठेवावा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लगाम हाती धरून सपाट जमिनीवर दहा-पंधरा मिनिटे चालवावे, दिवसातून दोनदा. त्यानंतर लहान कुंपणात सोडावे. आठवड्याच्या आसपास स्वार बसवून आधी चाल व मग थोडी दुडकी घ्यावी. पूर्ण काम एक ते दोन आठवड्यांनी. कोणता सांधा, कोणते औषध आणि झीज किती, यावर हे वेळापत्रक मागेपुढे होते. अंतिम शब्द उपचार करणाऱ्या पशुवैद्याचाच.

सर्वाधिक चुका होतात त्या मोकळे सोडताना. चार दिवस कोंडलेला घोडा मैदान दिसताच उधळतो, लाथा झाडतो, धावता धावता गर्रकन वळतो. अशा एका वळणाने सांध्यावर जेवढा ताण येतो, तेवढा तासभराच्या शांत चालण्यानेही येत नाही. म्हणून आधी हाताने फिरवून त्याचा उत्साह थोडा उतरवावा, कुंपणात गवत आधीच टाकून ठेवावे आणि खोडकर सोबती त्याच्याबरोबर सोडू नये. याउलट, बारा महिने मोकळा राहणारा घोडा एकदम कोंडला तर तो बेचैन होतो आणि ताठरतोही. त्याच्यासाठी ओळखीच्या घोड्याशेजारची लहान, सपाट वाडी अधिक बरी. काम थांबलेले असताना हरभरा आणि ओटचा खुराकही कमी करावयास हवा. भरल्या पोटी बांधलेला घोडा आणखी उधळतो. शिवाय स्थूल घोड्यांत स्टेरॉइडनंतर खुरांच्या आत दाह होण्याचा धोका असतो. घोडा मागे रेलून उभा राहू लागला, पाय उचलायला कचरू लागला, तर तिकडे लक्ष गेलेच पाहिजे.

नाशिक जिल्ह्यातील पेठसारख्या डोंगराळ तालुक्यात घोडा पाळणाऱ्यापुढे आणखी दोन अडचणी उभ्या राहतात. पहिली प्रवासाची. अशा उपचारासाठी घोडा नाशिकला न्यावा लागला, तर अंतर सुमारे ५५ किलोमीटरचे आणि वाटेत सावळघाट व कोटंबी घाट. टेम्पोत उभा असलेला घोडा प्रत्येक वळणाला चारही पायांनी तोल सावरत असतो. वरवर तो स्वस्थ दिसला तरी त्याच्या सांध्यांना विश्रांती नसते. शक्य असेल तर परतीचा प्रवास लगेच टाळावा. टाळता येत नसेल तर चालकाला सावकाश हाकण्यास सांगावे आणि दुसरा दिवस पूर्ण विश्रांतीचा धरावा.

दुसरी अडचण पावसाची. वरातीच्या घोड्याला खरी उसंत मिळते ती लग्नसराई संपल्यावर, चातुर्मासात. आणि नेमका तेव्हाच पेठ परिसरात धो धो पाऊस असतो. माथेरानलाही पावसाळ्यात पर्यटक रोडावतात. विश्रांतीसाठी काळ सोयीचा, पण पायाखालची जमीन गैरसोयीची. चिखलात घसरलेला पाय सांधा पिरगाळतो, आणि इंजेक्शनची ताजी जागा ओल्या घाणीत भरणे केव्हाही वाईटच. यावर खर्चिक उपाय लागत नाही. गोठ्यालगत चार-सहा पावलांचे आवार आखून त्यावर मुरूम टाकला आणि पाणी वाहून जाईल असा उतार दिला, तरी पुष्कळ भागते.

या काळात रोज सकाळी त्या सांध्यावरून हात फिरवून पाहणे, ही मालकाची वा मोतद्दाराची जबाबदारी. पहिल्या चोवीस तासांत थोडी सूज व ऊन लागणे ही औषधाची प्रतिक्रिया असू शकते. ती बहुधा दोन-तीन दिवसांत उतरते. सूज वाढत गेली, घोडा पाय टेकवेनासा झाला किंवा ताप आला, तर जंतुसंसर्गाची शक्यता धरून त्याच दिवशी पशुवैद्याला बोलवावे. स्टेरॉइडमुळे संसर्गाची लक्षणे दबून आठवड्यानंतरही वर येऊ शकतात. सांधा धुऊन काढणे आणि प्रतिजैविके एवढेच उपाय हाती असतात आणि त्यांचे यश वेळेवर अवलंबून असते. अशा वेळी घरातले वेदनाशामक देऊन वाट पाहणे हा सर्वात महागडा उद्योग.

शर्यतीच्या जगात ही शिस्त मालकाच्या मर्जीवर सोडलेली नाही. अमेरिकेत २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनुसार सांध्यात इंजेक्शन दिलेल्या घोड्याला १४ दिवस शर्यतीत आणि ७ दिवस वेगाच्या सरावात उतरवता येत नाही. घोडा विकत घेणाऱ्यालाही हे माहीत असलेले बरे. दत्तजयंतीच्या सुमारास सारंगखेड्याला तापीकाठी भरणाऱ्या प्रसिद्ध यात्रेत घोड्यांची रेवाल चाल पाहून ग्राहक हरखून जातो. तेथे वा कोठेही सौदा करताना गेल्या काही महिन्यांत सांध्यात औषध दिले होते काय, हा प्रश्न विचारण्यात संकोच नसावा.

कामाला परत जुंपण्यापूर्वी घोड्याला कठीण, सपाट जमिनीवर सरळ रेषेत आणि मग दोन्ही बाजूंनी मोठ्या वर्तुळात दुडकी चालवून पाहतात. पाय सारखे पडत असतील तर काम थोडेथोडे वाढवता येते. काही महिने टिकायला हवा असलेला आराम तीन-चार आठवड्यांतच सरला, तर पुन्हा सुई टोचण्याआधी एक्स-रे काढून दुखणे त्याच सांध्याचे आहे की दुसऱ्याच जागेचे, हे तपासून घ्यावे लागते.