मैदानावरची तहान आणि पालकांची निवड

मे महिन्यातील सकाळ. मुंबईचे शिवाजी पार्क असो वा तालुक्याच्या गावचे क्रीडांगण, उन्हाळी शिबिरातील मुले घामाने निथळत बाहेर येतात तेव्हा कुंपणापाशी ताटकळणाऱ्या आईवडिलांच्या हाती बहुधा एखाद्या रंगीत पेयाची बाटली असते. ‘दोन तास उन्हात राबला आहे, एवढे तरी हवेच,’ ही त्यामागची भावना. ती वात्सल्याची आहे यात शंका नाही. परंतु तिला विचाराची जोड आहे काय, हे तपासून पाहणे अगत्याचे आहे.

कोलावर्गीय पेयात शंभर मिलिलिटरमागे साधारणतः दहा-अकरा ग्रॅम साखर असते. म्हणजे ३०० मिलिलिटरच्या बाटलीत सहा चमच्यांहून अधिक. बाहेरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या दहा टक्क्यांहून कमी असावी, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितले. सोळाशे उष्मांक लागणाऱ्या मुलाच्या बाबतीत ही मर्यादा ४० ग्रॅमची, म्हणजे आठ चमच्यांची होते. एका बाटलीतच तिचा तीन चतुर्थांश भाग संपतो.

तरीही पालकांच्या मनात काही समज घट्ट रुजलेले आहेत. खेळणाऱ्या मुलाला ‘ताकद’ देणारे पेय हवे, हा पहिला. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०११ मध्येच स्पष्ट केले की, नेहमीच्या खेळासाठी मुलांना पाणी पुरेसे असते. क्रीडापेयांचा उपयोग फार तर दीर्घकाळ चालणाऱ्या कष्टाच्या व्यायामापुरता. दुसरा समज वेष्टनावरील शब्दांवरील विश्वासाचा. वस्तुतः ‘आरोग्यपेय’ अशी कोणतीही व्याख्या आपल्या अन्नसुरक्षा कायद्यात नाही. म्हणूनच एप्रिल २०२४ मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाला ऑनलाइन विक्रेत्यांना या सदरातून अशी पेये वगळण्यास सांगावे लागले. तिसरा समज असा की, घरचे ते सारे निर्दोष. लिंबू सरबत वा पन्हे घरचे असले तरी त्यात साखर किती पडते, हे चमच्यानेच मोजावे लागते. साधे पाणी वा पातळ ताक यांना मात्र ही शंका लागू नाही.

तथापि सारा दोष पालकांच्या अज्ञानावर ढकलणे न्याय्य ठरणार नाही. निवड ही उपलब्धतेवर अवलंबून असते, हा अर्थशास्त्रातील प्राथमिक धडा आहे. ज्या मैदानावर पिण्याच्या पाण्याचा नळ नाही, पण फाटकाशी शीतपेटी आहे, तेथे सुजाण पालकाचाही निग्रह ढळतो. शाळेच्या आवारात व त्याभोवती ५० मीटरच्या आत अतिसाखरेच्या पदार्थांच्या विक्रीस २०२० च्या नियमांनी मनाई केली. परंतु शाळेपासून दूर असलेली सार्वजनिक मैदाने त्या कक्षेत येत नाहीत.

करधोरणाचीही कथा अशीच. २२ सप्टेंबर २०२५ पासून वायुयुक्त शीतपेयांवर ४० टक्के वस्तू व सेवा कर आला. पण पूर्वीचा २८ टक्के कर व १२ टक्के उपकर मिळून भार तेवढाच होता. शिवाय हा कर साखर कमी की अधिक, हे पाहत नाही. ब्रिटनने एप्रिल २०१८ पासून साखरेच्या प्रमाणानुसार आकारणी केली, तेव्हा अनेक उत्पादकांनी आपण होऊन साखर घटविली. बाटलीबंद पाण्यावरील कर आपल्याकडे १८ वरून ५ टक्क्यांवर आला हे स्वागतार्ह. पण नळाच्या स्वच्छ पाण्याला तो पर्याय नव्हे.

पुल्लेला गोपीचंद यांनी २००१ मध्ये ऑल इंग्लंड विजेतेपद मिळविल्यावर शीतपेयाची जाहिरात नाकारली. त्याग करण्याइतके मोठे प्रलोभन सामान्य पालकांपुढे येत नाही. शिबिराचे शुल्क भरताना बॅट कोणती, प्रशिक्षक कोण, याची चौकशी करणाऱ्या पालकांनी ‘पिण्याच्या पाण्याची सोय काय?’ एवढा एक प्रश्न विचारला, तरी आयोजकांना त्याचे उत्तर शोधावे लागेल. तो प्रश्न जोवर कोणी विचारीत नाही, तोवर मुलांची तहान फाटकाबाहेरची शीतपेटीच भागवीत राहील.