जुनी आर-6 की जुनी सीबीआर? सौद्यापूर्वी हे तपासा

दुबई-शारजाला नोकरी करून जमवलेली शिल्लक 600 सीसीच्या जुन्या स्पोर्ट्स मोटारसायकलवर लावणाऱ्यांत आपल्या कोकणातील तरुणही आहेत. निवड बहुधा यामाहा आर-6 आणि होंडा सीबीआर-600-आरआर या दोघींत अडते. येथे आम्ही 2007 च्या आसपासच्या व नंतरच्या गाड्यांपुरते लिहीत आहोत.

कागदावर दोघी जुळ्या. चार सिलिंडर, 599 सीसी, सिलिंडरचा व्यास 67 मिमी, पिस्टनची धाव 42.5 मिमी. फरक कळतो तो रस्त्यावर. आर-6 ची ताकद अगदी वरच्या फेऱ्यांत आहे, सिग्नलवरून निघताना ती मरगळलेली वाटते. सीबीआर मधल्या फेऱ्यांतही ओढते आणि तिची सीटही बुटकी, 820 मिमी. आर-6 ची 850. रोज कामावर न्यायची असेल तर आमचे मत सीबीआरला. 2006 च्या आर-6 ची 17,500 फेऱ्यांची जाहिरात फार गाजली, पण टॅकोमीटर जास्त दाखवतो हे कंपनीला कबूल करावे लागले होते. विक्रेते मात्र अजून तोच आकडा ऐकवतात!

देखभालीत पारडे फिरते. व्हॉल्व्हची फट तपासण्याची पाळी सीबीआरला सुमारे 25 हजार किमीला येते, आर-6 ला सुमारे 42 हजारांना. म्हणजे 24 हजार चाललेली सीबीआर स्वस्तात मिळाली तरी टाकी, एअरबॉक्स उतरवण्याचा तो खर्च खरेदीदाराच्याच माथी. बिल मागा, नसेल तर काम झालेले नाही असे धरून किंमत करा.

आमच्या मते मॉडेलपेक्षा गाडीचा इतिहास मोठा. फेअरिंग नवी कोरी आणि फूटपेगची टोके घासलेली, तर गाडी पडलेली आहे. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून फ्रेमवरचा अडथळा चेपला आहे का पाहा. तिथली खूण रंगाने लपत नाही. ब्रेकच्या बोल्टांच्या डोक्यांना तारेसाठी बारीक छिद्रे असली तर गाडी ट्रॅकवर धावलेली समजा. दुबईत ऑटोड्रोम आहे, तेव्हा ही शंका अनाठायी नाही. टायरवरील चार आकडे म्हणजे आठवडा व वर्ष. उन्हात उभ्या गाडीचा टायर नक्षी शाबूत असूनही निकामी झालेला असतो. इंजिन गार असतानाच सुरू करायला लावा. आधीच तापवून ठेवले असेल तर दुसऱ्या दिवशी या. पाच हजार फेऱ्यांवर बॅटरीला चौदाच्या आसपास व्होल्ट मिळाले पाहिजेत.

पैसे देण्यापूर्वी दंड आणि बँकेचे कर्ज फिटले आहे याची खात्री करा. त्याशिवाय तिथे गाडी नावावर होत नाही. परतताना गाडी गावी नेऊ, या हिशेबाने मात्र घेऊ नका. तीन वर्षांहून जुनी गाडी भारतात आणू देत नाहीत. मुंबईत अशी गाडी कोणी देऊ केली तर आधी कस्टम्सची जकात भरल्याची पावती मागा आणि तिच्यावरचा चासी नंबर गाडीवरच्या नंबराशी स्वतः ताडून पाहा.