विचाराने हलणारा हात

समोरचा पेला उचलून घोटभर पाणी प्यायचं, त्यात काय एवढं? पण अमेरिकेतल्या कॅथी हचिन्सन यांना असा एक घोट स्वतःचा स्वतः घ्यायला जवळजवळ १५ वर्षं थांबावं लागलं! पक्षाघाताच्या झटक्याने त्यांचे हातपाय लुळे पडले होते, वाचाही गेली होती. बुद्धी मात्र शाबूत होती.

२०११ मध्ये त्यांच्याजवळ एक यांत्रिक हात ठेवला गेला. टेबलावर कॉफीची बाटली, तिच्यात नळी. 'माझा हात बाटलीकडे चाललाय' असं कॅथीबाईंनी मनात आणलं, आणि यांत्रिक हात खरंच सरकला. त्याने बाटली धरली, हळूहळू तोंडाशी आणली. घोट घेऊन झाला आणि बाई अशा काही हसल्या म्हणता! सहापैकी चार वेळा जमलं, दोनदा फसलं. शास्त्रज्ञांनी हेही प्रामाणिकपणे छापलं.

ही जादू झाली कशी? टेलिफोनची तार तुटली तरी एक्सचेंज चालूच असतं ना, तसंच. 'हात उचल' हा मेंदूचा हुकूम निघतो, फक्त हातापर्यंत पोचत नाही. म्हणून मेंदूच्या हालचाल घडवणाऱ्या भागावर साबुदाण्याएवढी एक चिप शस्त्रक्रियेने बसवली होती. तिला ९६ बारीक सुया. त्या मेंदूतल्या पेशींचे विजेचे ठोके टिपतात. आधी कॅथीबाईंना यांत्रिक हाताची हालचाल दाखवायची, 'हा माझाच हात' अशी कल्पना करायला सांगायचं. त्यावरून कॉम्प्युटर शिकतो, की असे ठोके म्हणजे डावीकडे, तसे म्हणजे उजवीकडे.

पुढे २०२१ मध्ये हात लुळा पडलेल्या एका माणसाने मनातल्या मनात पेन धरून मिनिटाला ९० अक्षरं पडद्यावर उमटवली. परीक्षेत आपल्यालाही हे जमलं तर!

मग काय, आपल्या डोक्यातलं सगळंच कॉम्प्युटरला कळणार? डब्यातले लाडू कोणी पळवले तेसुद्धा? कॅथीबाईंची चिप फक्त हालचालीचे हुकूम ऐकत होती. पण २०२५ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी, बोलता न येणाऱ्यांसाठी, मनातल्या मनात उच्चारलेले शब्दही काही प्रमाणात ओळखून दाखवले. मनातलं चुकून बाहेर पडू नये म्हणून त्यांनी एक कुलूपही केलं. त्याची किल्ली होती 'चिटी चिटी बँग बँग'. हे शब्द मनात म्हटल्याशिवाय यंत्र तोंडच उघडत नाही.