पुराच्या दिवसांसाठी मातीविना भाजी

निडी हे पनवेल–रोहा लोहमार्गावरचे छोटे स्टेशन. अलीकडे नागोठण्याला अंबा नदी, पलीकडे रोह्याला कुंडलिका. या पट्ट्याला पूर नवा नाही. जुलै १९८९ मध्ये अंबेच्या पुराने जांभूळपाडा उद्ध्वस्त झाले. जुलै २०२१ मध्ये महाड शहर सावित्रीच्या पाण्यात बुडाले. अशा वेळी मदतीच्या पिशवीत तांदूळ, डाळ, बिस्किटे येतात. हिरवी भाजी कोण आणणार?

म्हणून शहरातल्या सखल वस्त्यांत राहणाऱ्या भगिनींपुढे आम्ही एक पद्धत ठेवतो. हायड्रोपोनिक्स हे नाव जड आहे, पण बिरड्यासाठी वालाला मोड आणतो तेव्हा तोही अंकुर मातीविनाच वाढतो. रोप मोठे करायचे तर पाण्यात खताचे क्षार मिसळावे लागतात, एवढाच फरक. बांगलादेशातील शेतकरी तर पुराच्या पाण्यावरच जलपर्णीचे तरंगते वाफे करून भाजी घेतात.

आपल्याला सोपी पडेल ती हवाई विद्यापीठातील क्रॅटकी यांची रीत. तिला पंप नको, वीज नको. पुरात वीज जातेच. झाकणाच्या बादलीत क्षारांचे पाणी भरावे. झाकणाला भोक पाडून त्यात काथ्याचा भुसा भरलेला जाळीदार पेला बसवावा व रोप लावावे. मुळांची टोके पाण्याला लागली पाहिजेत. रोप पाणी पिते तशी पातळी उतरते आणि वरच्या मुळांना हवा मिळते. म्हणून बादली पुन्हा काठोकाठ भरू नये. हौसेने भरली तर मुळे कुजतात. माठ, पालक साधारण महिनाभरात काढता येतात.

झाकण घट्ट हवे, नाहीतर डासांची पैदास होईल. वर पारदर्शक प्लास्टिक ताणावे, म्हणजे पावसाने क्षार पातळ होणार नाहीत. पुराचे पाणी लागलेली भाजी मात्र सरळ फेकून द्यावी. त्यात गटाराचे पाणी असते.

याने पोट भरेल असे आम्ही म्हणत नाही. कोरडा शिधा उंचावर ठेवणे हे पहिले काम. शिवाय कोकणातल्या आषाढात ऊन कमी, म्हणून वाढही रेंगाळते.

आणि पत्र्याच्या घराला गच्ची कुठली? म्हणून हे काम समाजमंदिराच्या गच्चीवर, महिला मंडळाने मिळून करावे. वीस लिटरची बादली म्हणजे वीस किलो वजन, तेव्हा स्लॅब जुना असल्यास जाणकाराला आधी दाखवावा. क्षारांचा खर्च वाटून घ्यावा, दर पंधरा दिवसांनी नवी रोपे लावावीत, आणि गच्चीची चावी एकाच घरी अडकू देऊ नये.