तोंड आले तर काय करावे?

घाईने जेवताना गाल दाताखाली सापडतो. चहा फार गरम असतो, टाळू भाजतो. नवी कवळी हिरडीला घासते. कधी काहीच न होता ओठाच्या आत पांढरट फोड येतो. तिखट लागले की डोळ्यांत पाणी येते. याला आपण ‘तोंड आलं’ म्हणतो. दुखणे लहान, पण भाकरी खाणे मुश्कील होते.

यावर पहिला उपाय घरातच आहे. तो म्हणजे मीठपाणी. पेलाभर पाणी कोमट करावे. त्यात अर्धा लहान चमचा मीठ विरघळवावे. घोटभर पाणी तोंडात घ्यावे, चांगले खळखळवावे आणि थुंकून टाकावे. असे दिवसातून तीन-चार वेळा करावे. जेवणानंतर तर जरूर करावे.

मीठपाण्याने होते काय? आपल्या तोंडात जंतू नेहमीच असतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत. सोलवटलेल्या जागी अन्नाचे कण अडकले की ते तिथे वाढतात. चूळ भरली की कण धुऊन जातात. जागा स्वच्छ राहते. जखम भरण्याचे काम शरीर स्वतःच करते. साधा फोड बहुधा आठ-दहा दिवसांत बरा होतो.

हिरड्या सुजल्या, दाढ काढली, तर डॉक्टर चुळीचे जंतुनाशक औषध देतात. क्लोरहेक्सिडीन हे त्यांपैकी एक. ते बहुधा १० मिलिलिटर, म्हणजे दोन लहान चमचे घेतात. एक मिनिट तोंडात खळखळवून थुंकतात. सकाळी एकदा, रात्री एकदा. पेस्टने दात घासल्यावर मध्ये अर्धा तास जाऊ द्यावा. हे औषध गिळू नये. फार दिवस वापरले तर दातांवर तपकिरी डाग पडतात आणि चव बिघडते. म्हणून डॉक्टर सांगतील तितकेच दिवस घ्यावे. लहान मुले चूळ गिळतात. त्यांना ते आपल्या मनाने देऊ नये.

फरशी पुसण्याचे औषधही जंतुनाशकच असते. पण ते तोंडात घेण्याचे नव्हे! बाटलीवरची अक्षरे इंग्रजी असली तर आम्ही एक युक्ती सुचवतो. औषध काय आहे ते दुकानदाराला विचारा. मग कागदाच्या पट्टीवर आपल्या हाताने लिहा : ‘चुळीचे औषध. पिऊ नये.’ ती पट्टी बाटलीला चिकटवा. आपल्याला लिहिता येते, त्याचा उपयोग घरादाराला होईल.

दाढ दुखली की कोणी तिथे मिश्री दाबतात, कोणी डोकेदुखीची गोळी ठेवतात. तसे करू नये. गोळीने हिरडी भाजते. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. त्याने नुकसान होते.

आता सर्वांत महत्त्वाचे. दोन आठवडे झाले तरी जखम भरत नाही, गालात पांढरा किंवा लाल चट्टा आहे, गाठ लागते, तोंड पुरते उघडत नाही. असे असेल तर नुसत्या चुळा भरत बसू नये. तंबाखू, मिश्री, गुटखा, सुपारी खाणाऱ्याने तर मुळीच थांबू नये. हा तोंडाचा कॅन्सर असू शकतो. “दुखत नाही, मग कशाला दाखवायचं?” असे आम्ही पुष्कळदा ऐकतो. पण हा रोग सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. लवकर कळला तर तो बरा होऊ शकतो. उशीर झाला तर जीव जातो. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली. पण घरातल्या मिश्रीच्या डबीवर बंदी आपणच घालायची आहे.

तोंड आले त्या दिवशी कॅलेंडरवर तारखेला खूण करा. १४ दिवस मोजा. तोवर मीठपाण्याच्या चुळा भरा. पंधराव्या दिवशीही जखम दिसली तर सरळ सरकारी दवाखाना गाठा आणि डॉक्टरांना तोंड उघडून दाखवा.